कोकणातल्या गाडीला सेंट्रल लॉक: खर्च, जोडणी आणि खाऱ्या हवेत टिकवण्याची तयारी

चार दारांच्या साध्या गाडीला रिमोटसह सेंट्रल लॉक बसवायचं तर चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ अशा गावांत ढोबळ मानाने साडेतीन ते सहा हजार रुपये खर्च येतो. यात किट, मजुरी आणि किरकोळ सामान सगळं धरलं आहे. दुकानात विचारलं तर बहुधा किट आणि मजुरीचाच आकडा सांगतात. किरकोळ सामानाचे आठशे ते हजार रुपये कोणी मोजत नाही, आणि कोकणात या कामाचं आयुष्य ठरतं ते नेमकं त्यावरच. मोटरी कुठल्याही कंपनीच्या असल्या तरी सहसा चार-पाच वर्षं चालतात. आधी जातात ते वायरींचे सांधे, पट्टीचे स्क्रू आणि बॉडीची अर्थ, म्हणजे प्रवाह गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणारी जोडणी. वारा खारा, पाऊस चार महिन्यांचा आणि दारात लाल मातीचा गाळ, म्हणून घाटावर चालून जाणारं काम इथे दुसऱ्या पावसाळ्यात बंद पडतं.

आधी दारांचे खटके बघा

किट घ्यायच्या आधी चारही दारांचे नॉब हाताने दहा-दहा वेळा वर-खाली करून बघा. दोन बोटांनी सहज हलायला हवेत. ज्या दारात जोर लावावा लागतो, मधेच अडकतं किंवा खाली ढकलल्यावर नॉब थोडा वर येतो, तिथे मोटर बसवू नका. युनिव्हर्सल किटची मोटर साधारण तीन ते पाच किलोचा जोर लावते, तोही अर्धा सेकंद. गंजलेला खटका तेवढ्याने हलत नाही. मोटर दर वेळी अडून राहते, गरम होते आणि आतला प्लॅस्टिकचा दाता झिजतो. मग ‘किट हलकं निघालं’ असं आपण म्हणतो, पण दोष खटक्याचा असतो.

पुळणीवर गाडी घालायची सवय असेल, किंवा गाडी किनाऱ्यालगत उघड्यावर उभी राहत असेल, तर बहुतेक वेळा मागच्या दोन दारांचे खटके जड झालेले असतात, कारण ती दारं कमी उघडली जातात. उपाय सोपा आहे. दाराच्या कडेला दिसणाऱ्या खटक्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारा, पंधरा मिनिटं थांबा, स्क्रू ड्रायव्हरने खटका मिटवून हँडलने पाच-सहा वेळा सोडवा, फडक्याने काळं पाणी पुसा आणि मग पांढरं लिथियम ग्रीस लावा. नुसता स्प्रे मारून सोडू नका. तो साफ करतो पण टिकत नाही, महिन्याभरात खटका पुन्हा कोरडा. चावीच्या भोकात तेल किंवा ग्रीस घालू नका, त्यात धूळ चिकटून गोळे होतात. तिथे ग्रॅफाइटची पूड वापरा. एवढं करूनही खटका मोकळा होत नसेल तर तो बदला. जुन्या मारुतीसारख्या गाडीला एका दाराचे सहाशे ते दीड हजार रुपये धरा. हा खर्च सेंट्रल लॉकचा नाही, पण तो टाळून पुढे जाता येत नाही.

किटमध्ये काय असतं

साध्या किटमध्ये चार मोटरी, एक कंट्रोल युनिट, वायरिंगचे गुच्छ, छिद्रांच्या लोखंडी पट्ट्या, सळया, सळई पकडायचे क्लॅम्प आणि स्क्रूंची पुडी असते. रिमोटवाल्या किटमध्ये याशिवाय रिसीव्हर आणि दोन रिमोट असतात.

मोटरी दोन प्रकारच्या. दोन वायरींची मोटर नुसती हुकूम ऐकते. पाच वायरींच्या मोटरीत आत एक छोटा स्विच असतो. तिची सळई चावीने किंवा नॉबने हलवली की ती कंट्रोल युनिटला कळवते आणि बाकीची दारं तिच्यामागे जातात. ड्रायव्हरच्या दाराला पाच वायरींचीच मोटर लागते. शेजारच्या पुढच्या दाराचीही पाच वायरींची घेतली तर त्या बाजूच्या चावीनेही चारही दारं उघडतात. फरक शंभर-एक रुपयांचा असतो, आणि अरुंद गल्लीत कुंपणाला लागून गाडी उभी करणाऱ्याला त्याचा रोज उपयोग होतो.

किट उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मोटरीच्या दांड्यावर रबराचा भाता नीट बसलेला हवा, फाटका नको. दांडा हाताने ओढला तर वीस मिलिमीटरच्या आसपास सरकला पाहिजे, मधे खरखर नको. मोटरीला निदान एक हात वायर कारखान्यातूनच जोडलेली असावी, म्हणजे सांधा दाराच्या आत येत नाही. रिमोटबद्दल एकच प्रश्न विचारा: कोड दर वेळी बदलतो का? एकच ठरीव कोड पाठवणारा रिमोट नक्कल करायला सोपा असतो. दोनशे-तीनशे रुपये जास्त गेले तरी बदलत्या कोडचा घ्या.

खर्चाचा हिशोब

खालचे आकडे ढोबळ आहेत, गावाप्रमाणे थोडं वर-खाली होतं.

बिनरिमोटचं साधं किट: १,००० ते १,८०० रुपये
रिमोटसह साधं किट: २,००० ते ३,५०० रुपये
नावाजलेल्या कंपनीचं रिमोट किट: ३,५०० ते ६,००० रुपये
चार दारांची मजुरी: ८०० ते १,५०० रुपये
मागच्या डिकीची पाचवी मोटर: २५० ते ४०० रुपये, शिवाय मजुरी
गाडीच्या कंपनीच्या शोरूममधून, मॉडेलचं खास किट, बसवून: ६,००० ते १०,००० रुपये

किरकोळ सामानाची यादी वेगळी करा आणि दुकानदाराच्या भरवशावर सोडू नका. डोअर पॅडच्या (दाराच्या आतल्या आवरणाच्या) प्लॅस्टिकच्या पंधरा-वीस क्लिपा, शंभर ते दोनशे रुपये. जुन्या गाडीच्या निम्म्या क्लिपा काढतानाच तुटतात. वायरीवर चढवायची खाचांची नळी पाच मीटर, रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेत बसणारी कडी) चार, उष्णतेने आकसणाऱ्या नळ्या, गोल टर्मिनल, फ्यूज होल्डर: सगळं मिळून तीनेकशे. ब्यूटिल टेपची, म्हणजे पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद चिकटवायच्या काळ्या चिकट पट्टीची, एक गुंडाळी अडीचशेच्या आसपास. गंजरोधक प्रायमरचा छोटा डबा आणि ग्रीस मिळून दोन-अडीचशे. एकूण आठशे ते हजार.

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सगळ्या सुट्या भागांवर जीएसटी सरसकट १८ टक्के आहे. आधी बऱ्याच भागांवर २८ टक्के होता. पक्क्या बिलावर अजून २८ टक्के लावलेला दिसला तर विचारा. पक्कं बिल घ्याच, किटची वॉरंटी त्यावरच चालते.

स्वस्त मिळतं म्हणून रत्नागिरीहून कोल्हापूर गाठणारे पुष्कळ असतात. जाऊन-येऊन अडीचशेहून जास्त किलोमीटर होतात, दीड हजाराच्या आसपास पेट्रोल जातं आणि वॉरंटीसाठी पुन्हा घाट चढावा लागतो. ज्याच्याकडे पुन्हा सहज जाता येईल त्या वायरमनला दोन-तीनशे रुपये जास्त देणं परवडतं.

गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायरिंग कापून कुठलंही किट लावू नका. विजेच्या भागांची वॉरंटी त्यावरून नाकारली जाऊ शकते. अशा गाडीला मॉडेलप्रमाणे कपलरवर (वायरींच्या मूळ जोडावर, काहीही न कापता) बसणारं किट घ्या, महाग पडलं तरी.

काम कधी काढायचं

दिवाळीनंतर ते मिरगाच्या आधी. पावसात पॅड उघडलं तर ब्यूटिल धरत नाही आणि भोकांवरचा प्रायमर वाळत नाही. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस तर टाळाच. सगळ्या मुंबईकरांच्या गाड्या त्याच वेळी दुकानांत लागतात आणि पाच तासांचं काम दोन तासांत उरकलं जातं. चार दारांना अनुभवी माणसाला चार ते पाच तास लागतात. घरी पहिल्यांदा करणाऱ्याने शनिवार-रविवार दोन्ही मोकळे ठेवावेत.

बसवण्याआधी जमिनीवर चालवून बघा

किट फरशीवर मांडा, सगळ्या मोटरी कंट्रोल युनिटला जोडा, बॅटरीवरून फ्यूजसकट बारा व्होल्ट द्या. रिमोटने तीस वेळा उघड-बंद करा. मग पाच वायरींच्या मोटरीचा दांडा हाताने ओढून-ढकलून बाकीच्या मागे जातात का बघा. दुबळी मोटर इथेच कळते, आवाज वेगळा येतो किंवा ती बाकीच्यांपेक्षा उशिरा पोचते. दारात बसवल्यावर हे कळलं तर पुन्हा सगळं उघडावं लागतं.

दार उघडणं

बॅटरीची ऋण तार सोडवा. काच पूर्ण वर करा. काच फिरवायच्या हँडलमागे तारेची क्लिप असते. हँडल आणि पॅड यांच्या फटीत फडक्याची पट्टी घालून दोन्ही हातांनी करवतीसारखी ओढा, क्लिप टचकन उडते. दुसऱ्या हाताने झाकून धरा, नाहीतर ती गवतात शोधत बसावं लागतं. मग आतल्या हँडलच्या वाटीतला आणि हात टेकायच्या जागेचे स्क्रू काढा. पॅड खालच्या कोपऱ्यापासून, क्लिपेच्या अगदी शेजारी चपटं हत्यार घालून सोडवत जा. मधून ओढलं तर पॅडचा पुठ्ठा फाटतो, पावसाळ्यात फुगलेला असेल तर हमखास.

पॅडमागे प्लॅस्टिकचा कागद असतो. याकडे नीट लक्ष द्या. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दाराच्या आत उतरतंच, गाडीची रचनाच तशी असते. हा कागद ते पाणी अडवून खाली नेतो आणि दाराच्या तळाच्या भोकांतून ते बाहेर पडतं. कागद फाडून काढला किंवा परत नीट चिकटवला नाही, तर तेच पाणी पॅडमधून गालिच्यावर येतं. जुलैत गाडीत कुबट वास आणि बुरशी आली की लोक छतात गळती शोधत बसतात. कागद काढताना काळ्या ब्यूटिलमधून ब्लेड हलकेच फिरवत जा, ताणू नका. फाटलाच तर जाड प्लॅस्टिकचा त्याच मापाचा नवा कापा.

दार उघडलंच आहे तर तळाची दोन-तीन भोकं साफ करून घ्या. स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका, रंग जातो आणि तिथूनच गंज धरतो. केबल टायचं टोक पुरतं. आतला गाळ साध्या पाण्याने धुऊन काढा. गाडी सेकंडहँड असेल तर दाराच्या आत चिखलाची आडवी रेघ दिसते का बघा. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण आणि महाडमध्ये असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. बाहेरून रंगरंगोटी झाली तरी पॅडमागची रेघ सहसा तशीच राहते. ती दिसली तर किट बसवण्याआधी बाकीचं वायरिंग तपासून घेणं शहाणपणाचं.

मोटरीची जागा

सगळ्या कामाचं कसब इथे आहे. नॉबपासून खटक्यापर्यंत जाणारी सळई शोधा. मोटरीचा दांडा या सळईला समांतर हवा, जितका एका रेषेत तितका चांगला. तिरका लागला तर अर्धा जोर सळई वाकवण्यात जातो.

मोटर जागी धरून काच पूर्ण खाली घ्या आणि परत वर करा. काच, तिची पट्टी किंवा यंत्रणा मोटरीला घासता कामा नये. हे भोकं पाडायच्या आधी बघायचं. मोटर शक्यतो आतल्या पत्र्याला, वरच्या अर्ध्या भागात आणि काचेवरून ओघळणाऱ्या पाण्याच्या रेषेपासून दूर बसवा. दांडा वर आणि भाता आकाशाकडे असा बसवला तर भात्यात पाणी साठतं. जागा मिळत असेल तर दांडा खाली किंवा आडवा ठेवा. वायर मोटरीतून निघाल्यावर आधी खाली झुकून मग वर जाऊ द्या, म्हणजे पाणी वायरीवरून मोटरीत न जाता झोकाच्या तळाशी ठिबकतं.

पाडलेल्या प्रत्येक भोकाची कड उघडी पडते. तिथे गंजरोधक प्रायमर लावून वाळू द्या, मग स्क्रू. किटमधले स्क्रू बहुतेक वेळा पातळ मुलाम्याचे असतात आणि खाऱ्या हवेत दोन वर्षांत लाल होतात. त्याऐवजी स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्या आणि आट्यांना ग्रीस लावून बसवा. भोक पाडताना ड्रिलच्या टोकापासून बारा मिलिमीटरवर टेप गुंडाळा, म्हणजे ड्रिल आत घुसून काचेला किंवा बाहेरच्या पत्र्याला लागत नाही.

क्लॅम्प आवळायची पद्धत अशी. खटका पूर्ण लॉक स्थितीत आणा. मोटरीचा दांडा त्याच बाजूला पूर्ण नेऊन एक-दोन मिलिमीटर मागे घ्या. मग क्लॅम्पचे दोन्ही स्क्रू आवळा. हाताने नॉब वर-खाली करून दोन्ही टोकांना खटका पूर्ण जातो का बघा. खटक्याची सळई सहसा दांड्यापेक्षा कमी सरकते, म्हणून दोन्हींचे मध्य जुळले की काम होतं. न जुळल्यास दार बंद होतं पण उघडत नाही, किंवा उलट. स्क्रूखाली स्प्रिंग वॉशर घाला. आपल्याकडच्या खड्ड्यांत आणि जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावर क्लॅम्प ढिला होणं ही सगळ्यात जास्त आढळणारी तक्रार आहे. सळई पत्र्याला लागून खडखडत असेल तर तिथे फोमची पट्टी गुंडाळा.

पॅड लावायच्या आधी आणखी एक गोष्ट बघा. बॅटरी सुटलेली असताना आतल्या नॉबने प्रत्येक दार उघडतं का, आणि ड्रायव्हरच्या दाराची चावी हाताने फिरते का. अपघातात किंवा पुराच्या पाण्यात वीज गेली तर बाहेर पडायचा हाच मार्ग असतो. बाजारातल्या साध्या किटमध्ये धडक बसल्यावर दारं आपोआप उघडायची सोय नसते. नॉब जड जात असेल तर मोटर तिरकी लागली आहे, ती पुन्हा बसवा. या बाबतीत ‘चालतंय’ म्हणून सोडू नका.

दारातून बॉडीत वायर नेणं

पुढच्या दारांना बहुतेक गाड्यांत स्पीकरसाठी रबराची नळी किंवा टोपण असतं. मागच्या दारांना साध्या मॉडेलमध्ये काहीच नसतं, तिथे दारात आणि मधल्या खांबात बारा ते सोळा मिलिमीटरचं भोक पाडावं लागतं. सीटबेल्टची यंत्रणा त्याच खांबात असते, म्हणून आतलं प्लॅस्टिक काढून बघितल्याशिवाय ड्रिल लावू नका.

खांबातलं भोक दारातल्या भोकापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर वर ठेवा. याचे दोन फायदे. पाणी वायरीवरून दाराकडे उतरतं, गाडीत येत नाही. आणि दार मिटताना वायर एकाच जागी घडी पडून तुटण्याऐवजी पीळ घेते. दोन्ही भोकांत ग्रोमेट हवाच. पत्र्याची कड उघड-झापीत सहा महिन्यांत वायर कापते. खाचांची नळी ग्रोमेटमध्ये घट्ट बसवा आणि दार पूर्ण उघडून वायर ताणली जात नाही ना बघा.

वायरिंग

बहुतेक युनिव्हर्सल किटमध्ये निळी आणि हिरवी वायर मोटरीची असते, तर पांढरी, तपकिरी आणि काळी आतल्या स्विचच्या. रंगावर पूर्ण विसंबू नका, मल्टिमीटरने खात्री करा. दोन वायरींमध्ये बारा व्होल्ट सरळ-उलट देऊन दांडा आत-बाहेर गेला तर त्या मोटरीच्या.

चालू स्थितीत एक मोटर अडली तर तीन ते पाच अँपियर घेते. चारही मिळून क्षणभर बारा ते वीस. म्हणून बॅटरीपासून कंट्रोल युनिटपर्यंतची वायर निदान दीड एमएमची घ्या, दारांकडे एक एमएमची चालेल. वायर बॅटरीच्या धन टोकापासून निघते तिथेच, वीतभर अंतराच्या आत, किटवर लिहिलेल्या अँपियरचा फ्यूज लावा, सहसा पंधरा किंवा वीसचा असतो. फ्यूज वारंवार जातोय म्हणून तीसचा घालू नका. कुठेतरी वायर पत्र्याला लागते आहे किंवा मोटर अडते आहे, ते शोधा.

अर्थ हा कोकणातला कळीचा मुद्दा. चारही मोटरींचा परतीचा प्रवाह कंट्रोल युनिटच्या एका काळ्या वायरीतून आणि एका बोल्टमधून जातो. तो बोल्ट गंजला की चारही दारं एकदम मंद होतात. डॅशबोर्डखालचा मूळ अर्थचा बोल्ट निवडा, खालचा रंग चमकेपर्यंत खरवडा, गोल टर्मिनल दाबून बसवा, बोल्ट आवळा आणि वरून ग्रीसचा थर द्या.

सांधे पिळून काळी टेप गुंडाळायची पद्धत इथे टिकत नाही. दमट हवेत टेपचा चिकटपणा सुटतो, आत पाणी शिरतं आणि तांब्यावर हिरवं चढतं. सांधा टर्मिनलने दाबा किंवा कथलाने डागा, त्यावर आतून गोंद असलेली आकसणारी नळी चढवून गरम करा. आणि सांधा दाराच्या आत ठेवूच नका, गाडीच्या आतल्या बाजूला आणा. वायरमन ‘टेप पुरते हो’ म्हणाला तर नळ्या त्याच्या हातात ठेवा आणि वरचे शंभर रुपये द्या.

कंट्रोल युनिट डॅशबोर्डखाली उंच बांधा, कपलर खालच्या दिशेला. गालिच्याखाली किंवा खांबाच्या तळाशी कधीच नको, पाणी पहिल्यांदा तिथेच साठतं.

इंडिकेटरच्या दोन वायरी डाव्या-उजव्या इंडिकेटरला जोडल्या की लॉक झाल्याची खूण मिळते. दाराच्या दिव्याच्या स्विचची वायर मात्र न चुकता जोडा. बऱ्याच किटमध्ये रिमोटने उघडल्यावर तीसेक सेकंदांत दार उघडलं नाही तर ते परत लॉक होतं. ही वायर जोडली नसेल तर युनिटला दार उघडल्याचं कळतच नाही. तुम्ही चावी आत लावून सामान काढायला उतरता आणि गाडी मागे लॉक होते.

ड्रायव्हरच्या दारापासून सुरुवात करा, ते पूर्ण चालल्यावरच दुसऱ्या दाराला हात लावा. सगळं झालं की पॅड लावायच्या आधी वीस वेळा चालवा आणि दारावर पाण्याची बादली ओता. कागदाच्या आत थेंब दिसला तर ब्यूटिल तिथे पुन्हा दाबा.

चुकलं तर कुठे बघायचं

एकच दार उलटं चालतंय, बाकीची बंद होताना ते उघडतंय: त्या दाराची निळी आणि हिरवी अदलाबदल करा. चावीने लॉक केलं की लगेच सगळं परत उघडतंय किंवा दारं टकटक करत राहतात: ड्रायव्हरच्या मोटरीची पांढरी-तपकिरी उलटी लागली आहे. रिमोटने चालतं पण चावीने नाही: स्विचच्या तीन वायरींपैकी एक सुटली आहे, किंवा क्लॅम्प सरकल्यामुळे दांडा स्विच बदलण्याइतका हलत नाही. गाडी चालू असताना दारं झटक्यात उघडतात पण बंद असताना रेंगाळतात: बॅटरी उतरली आहे किंवा अर्थ खराब आहे, मोटरींना दोष देऊ नका. पावसात एकच दार मुकं आणि उन्हात परत चालू: खांबाजवळच्या नळीत वायर आतून तुटली आहे किंवा सांध्यात ओल आहे. दार हलवत रिमोट दाबला की नेमकी जागा सापडते.

एखादी मोटर खरोखरच गेली तर सुटी दोनशे ते चारशेला मिळते. सगळं किट बदलायची गरज नसते.

ओम्नी, ईको आणि सरकती दारं

सरकत्या दारात कायमची वायर नेता येत नाही. त्यासाठी स्प्रिंगच्या टोकांचे संपर्क मिळतात. दार मिटलं की दोन्ही बाजूंची टोकं भिडतात आणि प्रवाह जातो. खाऱ्या हवेत ही टोकं महिन्या-दीड महिन्याने बारीक सॅंडपेपरने पुसावी लागतात, वाळू अडकली तर लगेच. एवढं करणं होणार नसेल तर पुढची दोन दारं आणि मागचं दार एवढ्यांनाच मोटर लावा आणि सरकती दारं हाताने लॉक करा. खर्चही तेवढा कमी होतो.

महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी

गावी ठेवलेली, गणपतीला आणि शिमग्याला बाहेर निघणारी गाडी कोकणात घरोघरी दिसते. रिमोटचा रिसीव्हर चोवीस तास जागा असतो. तो दहा मिलिअँपियर घेत असेल तर महिन्याला सव्वासात अँपियर-तास होतात. लहान गाडीची पस्तीस अँपियर-तासांची बॅटरी तीन महिन्यांत त्यानेच निम्म्याहून जास्त खाली येते, शिवाय बॅटरी आपणहून उतरते ते वेगळं. किट बसवल्यावर ऋण तारेच्या मधे मल्टिमीटर लावून गाडी बंद असतानाचा प्रवाह मोजून घ्या. फक्त किटचा पंधरा मिलिअँपियरहून जास्त येत असेल तर दुकानदाराकडे परत जा. मुंबईला परतताना ऋण तार सोडवून ठेवा. मात्र बॉनेट उघडण्यासाठी आधी दार उघडावं लागतं आणि बॅटरी सुटलेली असताना रिमोट चालत नाही, म्हणून साधी चावी ड्रायव्हरच्या दाराला व्यवस्थित लागते का हे जायच्या आधी बघा आणि ती गावातल्या घरी ठेवा.

विम्याचं

कंपनीतून न आलेली विजेची जोडणी विम्यात वेगळी दाखवावी लागते. मोटर टॅरिफच्या आयएमटी २४ या कलमाखाली तिच्या किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता लागतो. पाच हजारांच्या किटला वर्षाला दोनशे रुपये. पूर येणाऱ्या भागात राहत असाल तर दाखवून ठेवलेलं बरं. चोरीविरोधी यंत्राची सवलत मात्र साध्या सेंट्रल लॉकला मिळत नाही. ती पुण्याच्या एआरएआय या वाहन चाचणी संस्थेने मान्यता दिलेल्या यंत्रालाच असते, तीही स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्याच्या अडीच टक्के आणि जास्तीत जास्त पाचशे रुपये.

गाडी दारांपर्यंत पाण्यात गेलीच तर आधी बॅटरी सोडवा, रिमोट दाबून बघू नका. पॅड आणि कागद काढून दारं गोड्या पाण्याने धुवा, दोन-तीन दिवस उघडी वाळवा, मोटरी सुट्या करून एकेक तपासा. कंट्रोल युनिट पाण्याखाली गेलं असेल तर वाळवून वापरू नका, नवं घाला.

दर वर्षी मे महिन्यात अर्धा तास काढा: तळाची भोकं, चारही खटक्यांना ग्रीस, अर्थचा बोल्ट, फ्यूज होल्डरमधलं हिरवं. रिमोटचा सेलही तेव्हाच बदला. दुसरा रिमोट मीठ-सामान ठेवतो त्या कपाटात नको, प्लॅस्टिकच्या पिशवीत सेल काढून कोरड्या जागी ठेवा.